बाटलीच्या जागी सुकत ठेवलेलं लाकूड

माझा भाऊ दारूने गेला नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण वर्षभर लोक मला तोंडावर "फार वाईट झालं" म्हणाले आणि पाठ वळली की "प्यायचा ना?"

प्यायचा. खूप प्यायचा.
मग सोडली. सोडून चार वर्षं होऊन गेली होती.

आज संजूला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. संजू माझा धाकटा भाऊ. इंदिरानगरला आमच्याच घरात, गच्चीवरच्या खोलीत राहायचा. दारू सुटली आणि त्याला नवंच वेड लागलं: लाकडी मुठीचे, घडी होणारे, स्वस्तातले चाकू. आठवडे बाजारात, फुटपाथवर, कामाला मालेगावला गेला की तिथल्या एखाद्या गल्लीत. दिसला चाकू की आणलाच.

"दारुड्याच्या हातात चाकू? आणि तुम्ही बघत बसलात?" मावशीने मला फोनवर झापलं होतं.

मीही त्याला म्हटलं, "तुला दुसरं काही सुचलं नाही का? कॅरम खेळ, कुंड्या लाव."

"हात रिकामे राहिले की माझा घोळ होतो, ताई. याला दोन्ही हात लागतात."



आणलेला चाकू तो आधी पूर्ण खोलायचा. मूठ धरून ठेवणारी रिवेट काढायची, मूळची खरबरीत मूठ काढून टाकायची आणि स्वतः घडवलेली बसवायची. कधी चिंचेची, कधी बाभळीची. कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी जवसाचं तेल. सगळं घर तेलाच्या वासाने भरून जायचं आणि मी ओरडायचे. मनातून बरं वाटायचं. आधी ज्या वासाला ओरडायचे तो वेगळा होता.

माझ्या चाकूची मूठ आईच्या मोडलेल्या लाटण्याची आहे.

तो चाकू त्याने मला हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि बाजूला झाला. आमच्याकडे धारेची वस्तू कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणून. कात्री असो की सुरी, खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. आईने लावलेली सवय.

"आपली भांडणं काय कमी झालीत?" मी म्हटलं.

"म्हणूनच. आता नवीन नको."

दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला तो नेमाने जायचा. तिथे कुणाचं वर्ष पूर्ण झालं की संजूचा एक चाकू ठरलेला. तोही टेबलावरच ठेवायचा.

म्हणायचा, "उचल. ग्लासपण असाच असतो बघ. समोर कुणीही ठेवेल. उचलायचा की नाही, ते आपलं आपण ठरवायचं."

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी तो हरसूलच्या बाजाराला गेला. चाकू बघायलाच.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, तुमचा भाऊ बाजारात पडलाय. लय पिलेला दिसतो. येऊन घेऊन जा."

मी गाडीत बसले ती त्याला शिव्या घालतच.

लोकांनी त्याला सावलीत निजवलं होतं, उतरेल म्हणून. त्यांचा तरी काय दोष? भर बाजारात माणूस आडवा दिसला की आपणही तेच समजतो. मग कुणाला तरी शंका आली आणि त्याला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अटॅक. दारूचं ते काही बोलले नाहीत.

आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दहावं झालं आणि मी गच्चीवर गेले. बाटल्या लपवायच्या त्याच्या जुन्या जागा मला पाठ होत्या. टाकीच्या मागे. माळ्यावर गोधड्यांच्या गाठोड्यात. बंद पडलेल्या कूलरच्या पोटात. दारू सुटल्यापासून मी तिथे हात घातला नव्हता.

टाकीमागे हात घातला.

पेपरात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं काहीतरी लागलं. बरोबर बाटलीएवढं.

मी तिथेच खाली बसले. गाठ सुटेना. शेवटी दातांनी सुतळी तोडली.

आत लाकूड होतं.

द्राक्षाच्या वेलीचं खोड. कुणीतरी बाग उपटली असणार, तिथून उचलून आणलेलं. दोन्ही टोकांना मेण लावलेलं.

माळ्यावर गाठोड्यात चिंचेचा तुकडा. कूलरमध्ये बाभूळ. सगळ्या जागा भरलेल्या आणि बाटली एकही नाही.

मग आठवलं, तो एकदा म्हणाला होता, "ओलं लाकूड उन्हात टाकलं की तडकतं, ताई. त्याच्या टोकांना मेण लागतं, अंधारी जागा लागते, आणि महिनोन् महिने कुणाचा हात लागता कामा नये."

अशा जागा आख्ख्या घरात त्याच्याइतक्या कुणाला माहीत असणार!

मी गच्चीवर एकटीच मोठ्याने हसत सुटले. शेजारच्या काकू कठड्याशी आल्या. "काय झालं गं?"

"काही नाही, काकू. लाकूड निघालं."

आता कुणी म्हणेल, याने काय सिद्ध होतं? तुम्हाला नसेल होत. मला पुरतं. त्या दिवसापासून छातीवरचं ओझं गेलं. रडू येतं अजून, पण ते नुसतं भावासाठीचं रडू असतं. त्यात दुसरं काही नसतं.

हरसूलहून त्याची पिशवी आली होती, त्यात एक नवा चाकू होता. द्राक्षाचं ते खोड मी पुन्हा गुंडाळून टाकीमागे ठेवलं, वर्षभर हलवलं नाही. आता खडखडीत वाळलंय. त्याच्या मीटिंगमधले प्रकाशभाऊ त्याच्याकडूनच हे काम शिकले. परवा त्यांनी त्या खोडाची मूठ घडवून नव्या चाकूला बसवून दिली. दिली म्हणजे, आणून टेबलावर ठेवली.

संजू, तुझा चाकू तयार आहे.
फोटोसमोर ठेवलाय. हातात देत नाही रे.
आता नवीन भांडण नको.

निवांत राहा.
तुझी ताई