उत्तरेचा उजेड

मी साताऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात काम करते. कमीत कमी वीज लागेल अशा इमारती आखणं हे आमचं काम. सांगलीजवळच्या नव्या चित्रसंग्रहालयाचं छप्पर माझ्या वाट्याला आलं, तेव्हा मी माधवनगरला जाऊन जुन्या गिरणीची शेड बघून आले. छपराला करवतीसारखे दाते, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि सगळ्या काचा उत्तरेकडं. दिवसभर उजेड आत येतो, ऊन येत नाही. दिवे कमी लागतात, हॉल तापत नाही. मी नकाशात तसंच छप्पर काढलं.

चित्रं होती आष्ट्याच्या एका निवृत्त ड्रॉइंग शिक्षकांची. सुट्ट्यांमध्ये जत, आटपाडीकडं मेंढरांच्या कळपांमागं फिरून त्यांनी जलरंगात केलेलं आयुष्यभराचं काम. पहिल्याच भेटीत सर म्हणाले, "पोरी, बाकी काय बी कर, ऊन तेवढं लागू देऊ नको. जलरंगातला निळा आधी उडतो. मग नुसती मेंढरं राहत्यात, आभाळ न्हाई."

मी मान हलवली. अनोळखी माणसांसमोर मला तेवढंच जमतं.

पाया आखायच्या आधी संग्रहालय समितीच्या अध्यक्षांनी वास्तुशास्त्राचा तज्ज्ञ आणला. दरवाजा दक्षिणेला नको, उत्तरेला घ्या, असं तो म्हणाला. नवा नकाशा काढायला आमच्या साहेबांकडं वेळ नव्हता. त्यांनी कंप्युटरवर अख्खी इमारत फिरवली. दरवाजा उत्तरेला गेला. त्याच्याबरोबर छप्परही फिरलं आणि काचा दक्षिणेला आल्या. आता चित्रांवर ऊन येईल, असं मी व्हॉट्सॲपवर साहेबांना सविस्तर लिहिलं. उत्तर म्हणून अंगठा आला.

छप्पर पूर्ण झालं तेव्हा मे महिना होता. आम्ही सगळे हॉलमध्ये उभे होतो. उजेड मऊ, सारखा. उन्हाचा एक कवडसाही नाही.

"कुठाय तुमचं ऊन, मॅडम?" अध्यक्षांनी विचारलं. माझं म्हणणं साहेबांनी त्यांच्या कानावर घातलं होतं.

मी सांगायला लागले. मे महिन्यात दुपारचा सूर्य आपल्याकडं डोक्यावरून थोडा उत्तरेला जातो. थंडीत तो दक्षिणेला कलतो, खाली येतो, तेव्हा ऊन आत शिरेल. पण हे इतकं सरळ मला तेव्हा सांगता आलं नाही. तोंडात 'सोलर अल्टिट्यूड' आलं आणि तिथंच अडकलं.

"मराठीत येऊ द्या की जरा," खजिनदार म्हणाले. "आवं, उन्हाळ्यात न्हाई आलं ते ऊन थंडीत येतंय व्हय?"

सगळे हसले. शिष्टाचार म्हणून मीही थोडी हसले.

सर हसले नव्हते. "येतंय की. माझी ओसरी दक्षिणेला हाय. थंडीत ऊन पार आतल्या उंबऱ्याला लागतंय. पोरगी खरं बोलतीया."

"सर, तुमी चित्रं काढा. छप्पर आमच्यावर सोडा," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच माया होती. मी पडद्यांचं विचारलं. ते उद्घाटनानंतर बघू, असं ठरलं.

बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, "चित्रं इथं लावायचं थोडे दिवस थांबवता येईल का?"

"आणि ठेवू कुठं? घराला ओल हाय. लेकीच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत तिचाच संसार मावत न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू कशाला तोंड पाडतीस?"

उद्घाटन झालं. फलकावर 'पर्यावरणपूरक वास्तू' असं लिहिलं आहे. मला साताऱ्याचं दुसरं काम मिळालं.

दिवाळी झाल्यावर सरांचा फोन आला.

"आलं बघ."

"कुठपर्यंत?"

"फरशीवरनं भिंतीवर चढलंय. खालच्या ओळीला लागतंय सकाळचं. अजून वर जाणार का?"

मला उत्तर माहीत होतं. छप्पर फिरवलं त्याच दिवशी मी स्क्रीनवर डिसेंबरचा सूर्य लावून बघितला होता.

"जाईल, सर. वरच्या ओळीपर्यंत."

"घरनं जुनी धोतरं आणली होती काचंला लावायला. बरं दिसत न्हाई म्हणून अध्यक्षांनी काढाय लावली." मग संकोचून म्हणाले, "तू एकदा बोलून बघतीस का त्यांच्याशी?"

"बघते, सर."

मी साहेबांना पुन्हा लिहिलं. काचा, पडदे, सरांकडून मागवलेला भिंतीवरच्या उन्हाचा फोटो, सगळं. या वेळी मराठीत लिहिलं, म्हणजे त्यांना ते जसंच्या तसं अध्यक्षांना पाठवता येईल.

लगेच अंगठा आला.