अजमानच्या गल्लीतला जोंधळा

मंगळवेढ्याच्या घराला कुलूप लावायच्या आधी अण्णा दोनदा आत जाऊन आले. एकदा मेन स्विच बघायला, एकदा उगाच. मी बॅगा घेऊन अंगणात उभी होते. शेजारच्या सुमनकाकूंनी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या माझ्या हातात दिल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "भाऊजी, लेकीकडंच चाललाय. मन लावून राहा." अण्णांनी मान हलवली. गाडीत पुढं बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "शाळेवरनं घे." ज्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, तिच्यापाशी गाडी जरा हळू झाली. ते बघत राहिले, पण थांब म्हणाले नाहीत.

घर सोडून परदेशी जाणारा माणूस तरुण असतो, असं आपण धरूनच चालतो. लग्नानंतर मी इकडं यूएईत आले तेव्हा तशीच होते, हसत आले. अण्णा सत्तरी ओलांडून निघाले होते, तेही स्वतःच्या मर्जीनं नाही. आई गेल्यापासून ते चहाबिस्किटांवर दिवस काढतात, हे मला काकूंनी फोनवर सांगितलं होतं. मी एकुलती एक. महेशनं, माझ्या नवऱ्यानं, पेरेंट्स व्हिसाची सगळी धावपळ केली. स्टॅम्पिंग झालं त्या दिवशी तो म्हणाला, "खलास. आता अण्णा इथंच." प्रश्न मिटला असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

आम्ही अजमानला राहतो. महेशची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, म्हणून तो उजाडायच्या आत निघतो. मी शारजातल्या एका फ्रेट कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. मुलगा ईशान स्कूल बसनं जातो. दिवसभर घरात अण्णा एकटे. संध्याकाळी येऊन डबा उघडावा तर पोळ्या तशाच. काकूंच्या भाकऱ्या संपल्यावर मी सुपरमार्केटमधून ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. ते कधी दळलेलं होतं कोण जाणे, त्याला विरीच नव्हती. थापायला घेतली की भाकरी कडेनं फाटायची, उचलताना तुकडे व्हायचे, चव कडसर. अण्णांनी कधी नाव ठेवलं नाही. चतकोर तुकडा दुधात कुस्करायचे आणि म्हणायचे, "बास. पोट भरलं." ईशान विचारायचा, "आजोबा, व्हाय डोन्ट यू ईट?" ते नुसतं त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे.

शर्ट त्यांच्या अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरनं रिपोर्ट बघून सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं. एका संध्याकाळी मी ऑफिसची बॅगही खांद्यावरून उतरवली नव्हती, तेव्हा अण्णा म्हणाले, "बाळ, रागावू नकोस. मला परत पाठव."

"तिथं कोण आहे अण्णा?"

"कुणी नाही. पण तिथलं ते कुणी नसणं माझ्या ओळखीचं आहे."

मी "इन्शाल्ला, बघू" असं काहीतरी पुटपुटले. इकडं राहून नाही म्हणायची मला हीच सवय लागली आहे.

गावी असलेल्या तुम्हाला यूएई म्हटलं की काचेचे टॉवर दिसतात. आमच्या बिल्डिंगमागच्या गल्लीत तसलं काही नाही. तिथं एक सीरियन बेकरी आहे, फिलिपिनो हॉटेल आहे, त्याच्या दारातून व्हिनेगर आणि लसणाचा वास येतो. अफगाण माणसाचा तंदूर आहे, केरळी परोट्याचं दुकान आहे. गाव सोडून आलेल्या प्रत्येकानं आपल्यापुरती एक चूल मांडलेली. माझ्यासारखे इकडं येऊन वर्षं झालेले लोक अशा गल्लीतून रोज जातात, ते पार्किंग शोधत. मी एकदाही एखाद्या दारात वाकून बघितलं नव्हतं.

एका शनिवारी अण्णा फिरायला गेले, ते दिवेलागणीची, मगरिबची अजान होऊन गेली तरी परतले नाहीत. फोन टेबलावरच राहिला होता. महेश समुद्रकाठच्या रस्त्याकडं, कॉर्निशच्या बाजूला धावला, मी गल्लीत शिरले. प्रत्येक दुकानात विचारत शेवटपर्यंत गेले. टोकाला एक छोटं सुदानी हॉटेल आहे. काचेतून बघितलं तर अण्णा आत बसलेले, मान खाली घालून जेवत होते. हाताची बोटं ताटलीच्या कडेपर्यंत फिरवून पुसून खात होते.

मी समोर जाऊन बसले. मला आधी हायसं वाटलं आणि मग लगेच वाईट वाटलं. मी रोज करून ठेवते ते यांना जात नाही.

"अगं, वास आला," अण्णा म्हणाले. "आंबवलेल्या जोंधळ्याच्या पिठाचा. म्हटलं, इथं आंबील कोण करतंय?" ज्वारीला आमच्याकडं जोंधळाच म्हणतात.

आतल्या बाजूला एक बाई मोठ्या तव्यासमोर बसली होती. पातळ पीठ ओतायची आणि ताडाच्या पातीच्या तुकड्यानं झरझर पसरायची. कागदासारखा पापुद्रा सुटून यायचा. त्याला किसरा म्हणतात. सोबत आंबट ताकातलं वाळल्या भेंडीचं कालवण, आणि शेंगदाण्याचं कूट घातलेलं वांग्याचं भरीत. मी एक घास घेतला. भरीत अगदी आईचं नव्हतं, पण आईनं ते परकं म्हटलं नसतं.

हॉटेलचे मालक हसन टेबलाशी आले. पन्नाशीचा उंच, शांत माणूस. तव्यापाशी बसलेली त्यांची बायको आमना. "नो मीट, मॅडम," ते मला म्हणाले. "तुमच्या वडिलांनी आधीच विचारून घेतलं." ते सुदानच्या राजधानीतले, दोन नाईल नद्या मिळतात त्या खार्टुमचे, हे कळल्यावर अण्णांनी जेवण थांबवलं. ओलं बोट टेबलावर टेकवून त्यांनी इंग्रजी वाय अक्षर काढलं आणि शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "ब्लू नाईल, व्हाईट नाईल. संगमावर दोन रंग खरंच वेगळे दिसतात का? मी मुलांना असंच शिकवत आलो. बघितलं कधीच नाही."

हसन खुर्ची ओढून बसले. "दिसतात, सर. पण पुराच्या दिवसांत निळी जी आहे, तीच जास्त गढूळ असते."

"हे पुस्तकात नव्हतं," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही जायला लागलो. अण्णा आमनाला पिठाबद्दल विचारायचे, मध्ये हसन दुभाषी. ती म्हणायची दुरा, हे म्हणायचे जोंधळा. एकदा ती तक्रार करत होती की हे धान्य काही आमच्याकडच्यासारखं नाही, सुदानात लढाई सुरू झाल्यापासून तिकडचं येतच नाही. अण्णांनी पोतं बघायला मागितलं. पोत्यावर लिहिलं होतं, प्रॉडक्ट ऑफ इंडिया. अण्णांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि गंभीरपणे म्हणाले, "तिला सांगा, तिचं बरोबर आहे. हा हायब्रीड आहे. आमच्याकडचाही नाही हा." हसननी अरबीत सांगितलं तशी आमना डोक्यावरच्या वस्त्राचा पदर तोंडाला लावून हसायला लागली. अण्णाही हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच तसं हसताना बघितलं.

जाताना आमनानं ताज्या दळलेल्या पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. घरी भाकरी थापली. गोल झाली नाही, पण तुटली नाही. अण्णा अख्खी खाऊन उठले. परत पाठव, हे त्यानंतर त्यांनी म्हटलं नाही. आठवण येत नव्हती असं नाही, पण आता ते आठवणींबद्दल बोलायला लागले होते.

एकदा अण्णांनी हसनना विचारलं, "तुमचं घर नदीपासून किती लांब?" "दाखवतो," हसन म्हणाले. मग मी मोबाईलवर नकाशा उघडला, वरून छतं दिसतात तो. त्यांनी बोटानं दोन्ही नद्या ओलांडल्या, एका रस्त्यावर आले आणि थांबले. "हे," ते म्हणाले. "फोटो जुना आहे. म्हणून अजून छत दिसतंय." आमना हात पुसत बाहेर आली, वाकून बघितलं आणि परत तव्याकडं गेली.

अण्णा बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत होते. मग मला म्हणाले, "आपलं दाखव त्यांना." मी मंगळवेढं शोधलं, आमचं पत्र्याचं छत, बाजूचा लिंब. हसन म्हणाले, "चांगलं घर आहे, सर. कोण राहतं?"

"कुणी नाही," अण्णा म्हणाले. "कुलूप आहे." आणि हे सांगताना ते पहिल्यांदाच ओशाळले.

आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही मंगळवेढ्याला गेलो. अण्णा आता तिथंच राहतील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीही आग्रह करायचा नाही असं ठरवलं होतं. विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत नव्यानं लागलेल्या एका शिक्षकाला बोलावलं. तो बायको आणि लहान मुलीला घेऊन एका खोलीत राहत होता. अण्णांनी त्याला सगळं घर फिरवून दाखवलं. पुढची खोली तेवढी थंडीत येण्यासाठी स्वतःकडं ठेवली आणि बाकीचं घर त्याच्या ताब्यात दिलं.

"अण्णा, घाई नाही," मी म्हणाले.

"हसनचं छत बघितल्यापासून हे कुलूप बघवत नाही," ते म्हणाले. "घरात कुणीतरी स्वयंपाक करावा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी घर म्हणजे जपून ठेवायची वस्तू समजत होते. मंगळवेढं तिकडं जपून ठेवलंय, म्हणून इकडं कसंही राहिलं तरी चालतं, असं. आता तिथं दुसऱ्यांची चूल पेटते आणि ते घर माझं कमी झालेलं नाही. अजमानचं मात्र थोडं जास्त माझं झालंय.

निघायच्या सकाळी सुमनकाकू आल्या. "भाऊजी, तिकडं जेवणाचं कसं करता?"

"भाकरी मिळते की. लेक करते. आणि गल्लीत एक बाई आहे, तीही करते."

काकूंनी आवाज जरा खाली आणला. "आपल्यातली आहे का?"

अण्णांनी क्षणभर विचार केला. "जोंधळ्याच्या मुलखातली आहे," ते म्हणाले.

काकूंचं समाधान झालं. तो मुलूख कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. भूगोलाच्या मास्तरांनीही सांगितलं नाही.