घरी नेऊन बघा

इंदिरानगरात थ्रीजी नुकतंच आलं होतं. परदेशातल्या मुलीने पाठवलेले फोटो माझ्या फोनवर काही केल्या उघडत नसत. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला विचारलं, "थ्रीजीचा फोन घेतला तर नेट पळेल का?"

"इथं दुकानात पळतं. तुमच्या घरात पळेल का, ते घरीच कळेल."

मग माझं सिम काढून त्याने फुंकर मारली, बाहीला पुसलं आणि स्वतःच्या फोनमध्ये घातलं. त्याचं सिम माझ्या फोनमध्ये गेलं. स्वतःचा फोन माझ्या हातात देत "घरी नेऊन बघा," म्हणाला. ना नाव विचारलं, ना पत्ता.

घरी फोटो पटकन उघडला. नातवाचे दोन दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

परत गेलो तर तो माझ्या फोनवरून सटाण्याला आईशी बोलत होता. ठेवल्यावर म्हणाला, "माझ्या फोनवरून तिला कधी धड ऐकू जात नाय. आज एकदाही 'काय?' म्हणाली नाय."

मी तसाच नवा फोन घेतला. बदल्यात दिलेला माझा जुना त्याने विकायला न ठेवता खिशात टाकला. पुढे संध्याकाळी दुकानावरून जाताना तो जुना फोन त्याच्या कानाला दिसला, की मी हाक न मारता निघून जायचो.