शेवटच्या धारा

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातली मिराबाई तोंडानं फटकळ, पण व्यवहारानं सच्ची. साठी उलटली तरी गाईखाली ती दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. सासूनं घालून दिलेली रीत एकच: शेवटच्या धारा वासराच्या. बादली भरत आली की ती उठे आणि वासरू सोडून देई.

नात निता दुग्धव्यवसायाची पदविका घेऊन आली तेव्हा मिराबाईनं तिची खिल्लीच उडवली. "शेण काढायला कॉलेज लागतं व्हय गं? पुण्याला जाय, खुर्चीवर बस." पुण्याच्या एका दूध कारखान्याचं बोलावणं आलंच होतं. पोरीची पिशवी भरून तयार होती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दूध केंद्रावर गोपीचंदनं नव्यानं आलेल्या फॅटच्या मशीनवर मिराबाईचं दूध तपासलं आणि चारचौघांत म्हणाला, "मावशी, फॅट लई कमी येऊन राहिलं. पाणी जरा कमी घालत जा."

लोक हसले. पाणी घालणाऱ्याला तांड्यातून हाकला म्हणणारी हीच बाई. घरी येऊन ती गोठ्यात बसली, जेवलीही नाही.

संध्याकाळी निता दोन किटल्या घेऊन आली. पहिलं दूध एकीत काढ म्हणाली, शेवटच्या धारा दुसरीत. वासरू दाव्याला हिसके देत होतं. मिराबाईनं त्याच्याकडे न बघता त्याच्या वाटचं दूध काढलं. जिवावर आलं होतं तिच्या.

केंद्रावर निता म्हणाली, "काका, सकाळी लॅक्टोमीटरवर आजीच्या दुधाची डिग्री किती होती?"

गोपीचंदनं वही पाहिली. "बराबर होती."

"पाणी असतं तर दूध पातळ होऊन डिग्रीबी उतरली असती. आता ह्या दोन किटल्या तपासा."

पहिलीचं फॅट सकाळइतकंच आलं. दुसरीचा दुपटीहून जास्त आकडा पाहून त्यानं मशीन धुऊन पुन्हा दूध लावलं. आकडा तोच.

"मलई शेवटच्या धारांत असते, काका. ती आमचं वासरू पितं."

"चुकलं, मावशी," गोपीचंद म्हणाला, तेही चारचौघांतच.

दुसऱ्या दिवशी मिराबाईनं वासरू रोजच्यापेक्षा जरा लवकरच सोडलं. फॅट कमी तर कमी. दारात निताची पिशवी होती.

"जाय म्हणलं मीच," मिराबाई म्हणाली. "पर उद्या माझ्या दुधाला कुणी खोटं म्हणलं, तर मी कुणाला बोलावू?"

नितानं पिशवी उचलून आत ठेवली. मग तिनं पुण्याला फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि शेजारच्या गुलाबसिंगच्या पोरीला हाक मारली, "शिला, केंद्रावर चल. डिग्री कशी बघतात ते दाखवते."