विडीची पानं आणि आठ आणे

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी सोलापुरात माझी थोरली जन्मली. दवाखान्यात दोन दिवस अडले होते. तिथल्या दोघी आयांनी माझे हात दाबून धरले होते, रक्त थांबत नव्हतं आणि डोक्यापाशीच कुणीतरी म्हणालं, "ही काय राहत नाही." राहिले. पण घरी आल्यावर फिनेलचा वास आला की अंग कापायचं. डोळा लागला की ते हात पुन्हा यायचे. लेकीला पाजताना तिच्या तोंडाकडे बघवत नसे. सासूबाईंनी लिंबू उतरवलं, उशाखाली विळा ठेवला. मी कुणाला काही बोलले नाही. लेक धडधाकट, मी जिवंत, मग रडायचं कशाला?

सव्वा महिन्यानं दवाखान्याची नर्सबाई लेकीचं वजन करायला आल्या. अक्कलकोटकडच्या, बोलण्यात कानडी हेल. वजन झाल्यावर मला म्हणाल्या, "आणि तू कशी आहेस?"

सासूबाईच बोलल्या, "तिला काय हुतंय? दोन येळा जेवती की."

"मी तिला विचारलं. तुम्ही चहा टाका बघू, आलं घालून."

"आलं न्हाय घरात."

"मग आणा की कोपऱ्यावरनं!"

सासूबाई पुटपुटत गेल्या. मांडीवर विड्या वळायचं सूप होतं, त्यात कापलेली पानं. मी तीच चाळत राहिले. बाई म्हणाल्या, "बोलू नको. मी विचारते. व्हय असेल तर एक पान बाहेर ठेव."

तो दिवस नको असताना आठवतो? पान. दचकून उठतेस? पान. दवाखान्याचा रस्ता टाळतेस? पान. लेक परकी वाटते? माझा हात थांबला. मग तेही ठेवलं.

असेच आणखी प्रश्न झाले; शेवटी सात पानं झाली. "ही बाधा नाही, वेडही नाही," बाई म्हणाल्या. "जीव भ्यालाय. मी प्रत्येक बाळंतिणीला हे विचारते. तू एकटी नाहीस." मी त्या पानांकडे बघतच राहिले. तोंड न उघडता माझं सगळं कुणीतरी ऐकलं होतं. अजून त्याचं नवल वाटतं.

टॉनिकसाठी त्यांनी पाकिटातून पाच रुपये काढले. सासूबाई आलं घेऊन दारात उभ्या होत्या. "धर्माचं पैसं आमाला नकोत."

"धर्माचे कुठले? उसने. आठवड्याला आठ आणे. पण हिनंच दवाखान्यात आणून द्यायचे. दुसऱ्याच्या हातून घेणार नाही."

"लई कडक सावकार हाय की!"

पहिल्या आठवड्याला दवाखान्याचं फाटक दिसलं आणि पुढं गेलेच नाही. रस्त्यापलीकडे बसून राहिले. बाईच रस्ता ओलांडून आल्या, नाणं घेतलं, शेजारी टेकल्या. "काय जेवलीस?" एवढंच विचारलं. चौथ्या वेळी मी फाटकाशी पोचले. सातव्या वेळी व्हरांड्यात. फिनेलचा वास आला, तरी उभी राहिले. बाईंना पैसे नकोच होते, हे मला तिथं कळलं.

दहाव्या आठवड्याला लेकीला कडेवर घेऊन थेट बाळंतपणाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत कुणी पोरगी कळांनी ओरडत होती. लेक दचकून मला बिलगली. मी तिच्या तोंडाकडे बघत तिला थोपटलं. बाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या ओल्या तळव्यावर शेवटचे आठ आणे ठेवले.

"फिटले ना, बाई?"

"फिटले की. सगळे."