तुळजाबाईंकडे आलेला खलाशी

हडपसरच्या तुळजाबाई तुपे विधवा झाल्या, तोवर घरचं रान कारखान्यांच्या कुंपणाआड गेलं होतं. १९८६ सालची गोष्ट. शेजारच्याच एका शेडमध्ये मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींसाठी रबरी फेंडर बनत. बोट धक्क्याला किंवा बार्जला, म्हणजे सपाट मालवाहू बोटीला, टेकताना पत्र्यावर पत्रा आदळू नये म्हणून बाजूला लावायच्या त्या जाडजूड गाद्या. बायकांना तिथं फक्त झाडलोटीला घेत. पण तुळजाबाई काम मागायला गेल्या, तेव्हा साच्यात रबर दाबायच्या प्रेसवरचे दादामियाँ मालकांना म्हणाले, "हिला माझ्या हाताखाली द्या. नाही जमलं तर मला बोला."

जमलं. तापलेल्या साच्यातून फेंडर कसं सोडवायचं, कडेचं जादा रबर कसं छाटायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. बाईंचा हात भाजला की आधी ओरडत, मग मलमाची डबी पुढे सरकवत. त्याच कामाच्या पगारावर तुळजाबाईंची लेक मैना शिकून नर्स झाली.

दादामियाँ निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी एका दुपारी कारखान्याच्या गेटवर एक अनोळखी माणूस उभा राहिला. दाभोळकडचा खलाशी, नाव नियाज. स्वारगेटला एसटीतून उतरून विचारत विचारत आला होता. हातात सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी.

"फेंडरवर तुमच्या कारखान्याचं नाव होतं, म्हणून आलो," तो म्हणाला. "उधाणात दोर बांधताना माझा पाय घसरला. टग आणि बार्जच्या मधे पाण्यात पडलो, आणि लाटेनं बार्ज अंगावर ढकलली. फेंडर दबलं, पण फाटलं नाही. मधे माझ्यापुरती जागा राहिली. दोन बरगड्या मोडल्या, जीव वाचला. ते कुणी बनवलं?"

"आमी समद्यांनीच," तुळजाबाई म्हणाल्या. "पर मला ज्यांनी शिकवलं ते घरी हायेत. चला माझ्यासंगं."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांनी नियाजला रिक्षानं भवानी पेठेत नेलं. पक्षाघातानं दादामियाँची एक बाजू गेली होती. ते खाटेवर पडून असत. नियाजनं सलाम केला, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सगळी हकिकत पुन्हा सांगितली.

दादामियाँ बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस, अख्तर? इतकी वर्षं रबराच्या काजळीनं काळा होऊन घरी यायचो. उशा खराब करतो म्हणून ओरडायचीस."

"आताही ओरडेन," अख्तरबानू म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावत सोडे भिजवायला आत गेल्या.

तुळजाबाई खाटेजवळ खाली बसल्या. "चाचा, मलाबी तुमचे आभार मानायचे व्हते. इतकी वर्षं जमलंच न्हाई."

"तू दर रविवारी येऊन बसतेस," दादामियाँ म्हणाले. "आणखी कसे मानतात?"

बाईंना रडू आवरेना. नियाजला काय करावं कळेना, तेव्हा त्यानं उठून त्यांना पाणी आणून दिलं.

त्या दिवशी चौघं एकत्र जेवले. दादामियाँना घास तुळजाबाईंनी भरवला. पुढच्या थंडीत ते गेले. नियाज दफनविधीला पोचला, आणि अजूनही ईदला पुण्यात येतो. आधी अख्तरबानूंना भेटतो, मग हडपसरला तुळजाबाईंकडे मुक्कामाला जातो.