दोरेस म्हणजे दुःख

मी चौथी मुलगी. वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्या अंगाला, आमची भाताची खाचरं होती आणि आजीला नातू हवा होता. म्हणून बारशाला माझं नाव ठेवलं नकुसा, म्हणजे नको असलेली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगाच होतो, अशी आमच्याकडची रीत. देवाला नीट ऐकू जावं म्हणून पोरीला जन्मभर त्या नावानं हाका मारायच्या. हुशारी बघा!

पाठीवर भाऊ झाला. गावभर गूळ वाटला. ज्या कामासाठी नाव ठेवलं ते काम झालं, आता तरी पोरीला दुसरं नाव द्यावं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जरा मोठी झाल्यावर आईनं मला भोरला मावशीकडे ठेवलं. शेजारी गोव्याची एक ख्रिस्ती बाई राहायची. तिचा नवरा बँडात वाजवायचा. तिचं नाव दोरेस. असलं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा तिच्या ओसरीवर बसून विचारलं, "म्हंजी काय वं?"

"दुःखं," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आपल्यासारखी आणखी एक भेटली. "तुमीबी घरात नको व्हता व्हय?"

ती हसली नाही. भिंतीवरच्या तसबिरीकडे तिनं बोट दाखवलं. निळा पदर घेतलेली बाई, आणि काळजात सात तलवारी. "ही आमची सायबीण, देवाची आई. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या पुताला मारलं. पोर्तुगीज लोक तिला मारीया दास दोरेस म्हणतात, दुःखांची मारीया. त्यातलंच हे नाव. दुःख माझं नाही गो बाय, तिचं. लेकरासाठी आईनं सोसलेलं."

त्या दिवशी मी घरी येऊन मावशीवर उगाच चिडले. बाईच्या नावातली आई लेकरासाठी रडली होती. माझी आई माझ्यामुळे रडली होती आणि तेच माझं नाव झालं होतं.

एकच आशा होती. आमच्याकडे सुनेला सासरी नवं नाव देतात. मी वाट बघत होते ती त्या नावाची, नवऱ्याची नव्हे. किकवीला लग्न होऊन गेले, नाव ठेवायची वेळ आली, आणि सासूबाईंनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. हिच्या पाठीवर भाव झाला. नाव लई गुणाचं हाय. बदलू नगा."

म्हणजे मी नको होते, पण माझं नाव त्यांना हवं होतं.

नाव काही गुणाला आलं नाही. पहिली मुलगी झाली, तिला देवीचं नाव मिळालं. दुसरीही मुलगीच झाली. तिच्या बारशाला मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंपुढे तोंड उघडलं. म्हटलं, हिचं नाव दोरेस ठेवू.

"आन् म्हंजी काय त्ये?"

काहीही सांगता आलं असतं. फूल म्हणाले असते, चांदणी म्हणाले असते. पण मला बाईनं सांगितलेला अर्थच आवडला होता. तोच सांगितला. आईनं लेकरासाठी सोसलेलं दुःख.

"चांगल्या दिशी दुःखाचं नाव? अशुभ बोलतीस!" सासूबाई कडाडल्या. मग त्यांनी नणंदेला खूण केली. नणंद पाळण्यात वाकली आणि पोरीच्या कानात म्हणाली, नकुसा. बायकांनी कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या.

एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत, म्हणून सासूबाईंनी त्याच दुपारी मला नवं नाव दिलं. चांगलं आहे, नदीचं आहे. त्या नावानं कुणी हाक मारली तर अजूनही मी ओ देत नाही.